समासातली अक्षरं

जुनी कागदी पोथी सोडली की नवख्याची नजर पानाच्या मध्यावर जाते. पोथ्यांमध्ये आयुष्य गेलेला माणूस आधी कडेला बघतो. डाव्या समासात, वरच्या अंगाला, दोन-तीन अक्षरं असतात. ‘र. वं.’ असेल तर रघुवंश, ‘मे. दू.’ असेल तर मेघदूत, ‘सि. कौ.’ असेल तर सिद्धान्तकौमुदी. त्यांच्याखाली पानाचा आकडा. उजव्या समासात तळाशी तोच आकडा पुन्हा, आणि त्याच्यावर पुष्कळदा ‘राम’. पोथीची पानं शिवलेली नसत. सुटी पानं खाली-वर फळी ठेवून कापडाच्या बासनात बांधायची रीत होती. गाठ सैल सुटली, दोन पोथ्यांची पानं एकमेकांत मिसळली, की सगळा गठ्ठा पुन्हा लावायचा तो या कडेच्या अक्षरांवरून.

रोज पाठ करणाऱ्याला ती अक्षरं लागतच नाहीत. हातात काय आहे हे त्याला ठाऊक असतं. मजकूर न वाचता पान जागेवर लावायचं आहे, अशा माणसासाठी ती लिहिलेली असतात.

तसंच शेवटच्या पानावरच्या पुष्पिकेचं. ग्रंथ कोणता, कर्ता कोण, नक्कल कोणी केली, शक कोणता, तिथी-वार काय, गाव कोणतं, कोणाच्या सांगण्यावरून लिहिलं, हे सगळं चार ओळींत. सोबत बऱ्याचदा लेखनिकाची काकुळती: पाठ, मान, कंबर मोडून हे लिहिलंय, तेलापाण्यापासून जपा.

वेबसाइट बांधणारी मुलं आज हेच काम करतात. पानाच्या कोडमध्ये वरच्या भागात, वाचणाऱ्याला दिसणार नाही अशा जागी, पानाचं नाव, दोन ओळींचं वर्णन आणि अक्षरसंकेत लिहायचे. हे मेटा टॅग. त्याच्या पुढची पायरी स्ट्रक्चर्ड डेटा. हे पान माणसाबद्दल आहे की पुस्तकाबद्दल की दुकानाबद्दल, माणूस असेल तर जन्म कधीचा, पुस्तक असेल तर कर्ता कोण, हे ठरलेल्या रकान्यांत यंत्राला सांगून टाकायचं. गूगलचं यंत्र मधला मजकूरही वाचतं, पण समासात नीट लिहिलेलं असलं तर त्याचा गोंधळ कमी होतो. व्यवसाय नवा वाटतो, शिकवणीचे वर्ग लागतात, त्याचे दर ठरलेले असतात. नागपूर शहराला मात्र या रकान्यांच्या कामाची दीडशे वर्षांची सवय आहे, आणि रकाना चुकला किंवा कोरा राहिला तर काय होतं याचीही.

मध्य प्रांत १८६१ मध्ये झाला आणि नागपूर त्याची राजधानी ठरली. दोनच वर्षांत वस्तुसंग्रहालय निघालं. लोकांनी त्याला ‘अजब बंगला’ म्हटलं आणि ते नाव सरकारी नावापेक्षा चिवट निघालं. त्याच दशकात, १८६८ साली, लाहोरचे पंडित राधाकृष्ण यांनी व्हाइसरॉयला पत्र लिहून सुचवलं की देशभर घराघरांत पडलेल्या संस्कृत पोथ्यांच्या याद्या करून घ्याव्यात. सरकारनं ते मनावर घेतलं आणि प्रांतोप्रांती कागद फिरू लागले. मध्य प्रांताची यादी १८७४ साली नागपुरात छापली गेली. संपादक होते फ्रान्झ कीलहॉर्न, पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले जर्मन पंडित, ज्यांची पतंजलीच्या महाभाष्याची आवृत्ती पुढे जगभर प्रमाण मानली गेली.

या यादीत पोथी नाही, पोथीचं वर्णन आहे. त्या काळच्या अशा याद्यांचे रकाने साधारण ठरलेले असत: ग्रंथाचं नाव, कर्ता, पानं किती, पानावर ओळी किती, वय काय, सध्या कोणाकडे. कीलहॉर्न यांनी नोंदी विषयवार लावल्या. पुढे अमेरिकेत डेव्हिड पिंग्री भारतीय ज्योतिष-गणिताच्या संस्कृत हस्तलिखितांची जगभरची शिरगणती करायला बसले (तिचा पहिला खंड १९७० चा), तेव्हा त्यांच्या नोंदींत एक खूण वारंवार येऊ लागली: ‘सीपी, कीलहॉर्न’, पुढे रोमन लिपीत तेवीस, पुढे अनुक्रमांक. सीपी म्हणजे मध्य प्रांत, तेवीस म्हणजे ज्योतिषाचा विभाग. नागपूरच्या छापखान्यातून निघालेल्या एका ओळीचा पत्ता शंभर वर्षांनी अटलांटिकपलीकडे बसलेल्या माणसाला तीन खुणांत सापडत होता. मेल्विल ड्यूई यांचं दशांश वर्गीकरण, ज्यावर जगातली असंख्य ग्रंथालयं चालली, ते १८७६ चं, म्हणजे या यादीनंतर दोन वर्षांनी आलेलं.

मधल्या काळात जर्मनीत थिओडोर आउफ्रेख्त यांनी अशा सगळ्या याद्या एकत्र करून ‘कॅटलॉगस कॅटलॉगोरम’ काढला, म्हणजे याद्यांची यादी. पहिला भाग १८९१ चा. प्रत्येक यादीला एक छोटी खूण, आणि ग्रंथाच्या नावापुढे अशा खुणांची रांग. मद्रास विद्यापीठानं हेच काम पुन्हा नव्यानं हाती घेतलं आणि ‘न्यू कॅटलॉगस कॅटलॉगोरम’चा पहिला खंड १९४९ मध्ये आला. शोधयंत्र म्हणतात ते याहून फार वेगळं काही करत नाही. तेही मूळ वस्तू घरी आणत नाही, वर्णनं गोळा करतं आणि खुणांच्या रांगा लावतं. फक्त आउफ्रेख्त यांना जिथं वर्षं लागली तिथं त्याला निमिष लागतं.

कीलहॉर्न यांच्या यादीनंतर अर्ध्या शतकानं दुसरी मोठी यादी झाली. १९०३ मध्ये वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला होता, त्यामुळे अमरावती, अकोला, कारंजा इथले संग्रहही आता कक्षेत आले. ‘मध्य प्रांत व वऱ्हाडातील संस्कृत आणि प्राकृत हस्तलिखितांची सूची’ नागपुरात १९२६ साली छापली. कर्ते रायबहादूर हिरालाल. मुरवाड्याचे, म्हणजे आजच्या कटनीचे. शिक्षण खात्यातून सुरुवात, मग जनगणना, गॅझेटियर, शेवटी डेप्युटी कमिशनर. इंग्रज अधिकारी रसेल यांच्याबरोबरचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ चा. त्याच वर्षी त्यांची शिलालेखांची जिल्हावार वर्णनात्मक यादीही नागपूरच्या सरकारी छापखान्यातून बाहेर पडली. तिची सुधारलेली आवृत्ती १९३२ ची. सरकारी नोकरी सांभाळून एवढं काम करणारा माणूस कागदावर किती वेळ वाकलेला असेल याचा अंदाज त्या याद्यांच्या जाडीवरूनच यावा.

हिरालालांच्या सूचीत नोंदीला जोडून एक माहिती येते: ही पोथी अमुक गावच्या अमुक माणसाच्या मालकीची. नागपूरच्या अमक्याची, जबलपूरच्या तमक्याची. ही माहिती मिळवणं सोपं नव्हतं. पोथ्या पाहायला आलेल्या सरकारी माणसाला दार न उघडणाऱ्यांच्या कहाण्या पोथ्या शोधत फिरलेल्या ब्यूलर, भांडारकर यांच्या अहवालांत सापडतात. सरकार पोथ्या उचलून नेईल ही भीती, परक्याचा हात लागेल हा सोवळ्याचा प्रश्न. त्यातून मार्ग काढून मालकाचं नाव लिहून घेतलं गेलं.

आणि आज नेमका तोच रकाना सगळ्यात आधी शिळा झालेला आहे. ग्रंथाचं नाव बदलत नाही, पानांची संख्या वाळवीनं बदलली तरच. मालक मात्र बदलतो. नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात १९२६ साली असलेलं एखादं बासन वाटणीत कोणाच्या ट्रंकेत गेलं, वाडा पाडून तिथं फ्लॅट झाले तेव्हा कोणाच्या माळ्यावर चढलं, हे त्या ओळीला कळायची सोय नाही. वेबवाले ज्याला मेलेली लिंक म्हणतात ती हीच. बोट अजून दाखवतंय, घर जागेवर नाही. तरीही हिरालालांची ओळ टाकाऊ ठरत नाही. अमुक ग्रंथ या प्रांतात होता, तो इथं वाचला जात होता, एवढं ती अजून सांगते.

वेबच्या जगात हे रकाने पहिल्यांदा जमून ठरवले गेले ते १९९५ मध्ये, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डब्लिन नावाच्या गावी. ग्रंथपाल आणि संगणकवाले एका बैठकीला बसले आणि ‘डब्लिन कोअर’ नावाची यादी जन्माला आली. ती पुढे पंधरा रकान्यांवर स्थिरावली: शीर्षक, कर्ता, विषय, वर्णन, प्रकाशक, दिनांक, भाषा, स्रोत, हक्क वगैरे. कीलहॉर्न-हिरालालांच्या याद्यांशी ताडून पाहिलं तर निम्म्याहून अधिक रकाने ओळखीचे निघतात. २ जून २०११ रोजी गूगल, बिंग आणि याहू या एकमेकांच्या स्पर्धकांनी मिळून ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ काढलं, म्हणजे रकान्यांची सामायिक नावं. प्रत्येकानं वेगळा नमुना मागितला तर पानं लिहिणारा वैतागून एकही भरणार नाही, हे त्यांना उमगलं होतं. प्रांतोप्रांतीच्या सरकारी याद्यांना सारखे रकाने हवेत हे १८६८ नंतरच्या कारकुनांना उमगलं होतं तसंच.

आता नावाचा घोळ. रायबहादूर हिरालालांच्या सूचीमुळे कारंजा इथल्या जैन भांडारांतल्या अपभ्रंश हस्तलिखितांकडे विद्वानांचं लक्ष गेलं. वऱ्हाडातल्या त्या गावात शतकानुशतकं जपलेल्या पोथ्यांतून ‘कारंजा जैन ग्रंथमाला’ उभी राहिली. अपभ्रंश कवी पुष्पदंताचं ‘जसहरचरिउ’ प. ल. वैद्य यांनी १९३१ मध्ये संपादित केलं. त्याच पुष्पदंताचं ‘णायकुमारचरिउ’ १९३३ मध्ये आलं, त्याचे संपादक अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक हिरालाल जैन. पुढे १९३९ पासून अमरावतीहून ‘षट्खंडागम’ धवला टीकेसह छापायला घेतला तोही यांनीच.

एक प्रांत, एक काळ, एकाच पोथ्यांचा माग, आणि दोन हिरालाल. एकानं यादी केली, दुसऱ्यानं त्या यादीतल्या ग्रंथांना छापील जन्म दिला. घाईत वाचणाऱ्याच्या डोक्यात दोघांचा एक होतो. त्यात रायबहादुरांचं नाव कधी ‘हिरालाल’ असं जोडून, कधी ‘हिरा लाल’ असं तोडून छापलेलं; आडनाव आधी लिहायच्या पाश्चात्त्य पद्धतीत गेलं की ते ‘लाल, हिरा’ होऊन बसतं. आडनाव नसलेल्या माणसाला आडनाव चिकटवणारी ही यंत्रणा हिरालालांच्याही आधीची आहे.

स्ट्रक्चर्ड डेटाचा खरा उपयोग इथं दिसतो. माणसाच्या नोंदीत जन्मवर्ष, मृत्युवर्ष, व्यवसाय यांचे वेगळे रकाने असतात, आणि ‘हा तोच’ असं सांगणारा एक दुवा असतो, जो विकिडेटासारख्या ठिकाणच्या क्रमांकाकडे बोट दाखवतो. जन्म १८६७, मृत्यू १९३४, असं लिहिलं की यंत्राला दुसऱ्या हिरालालांशी गल्लत करायला जागा राहत नाही, कारण ते १९७३ पर्यंत हयात होते. मराठी माणसाला हे नवं नाही. गावात एका नावाचे दोघे असले की एकाला वरच्या आळीचा म्हणायचं आणि दुसऱ्याला खालच्या.

नावापेक्षा अवघड भानगड लिपीची. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर हे महानुभाव पंथाचं मोठं ठाणं. आता तिथं मराठी भाषा विद्यापीठही आलं आहे. महानुभाव महंतांनी आपले ग्रंथ परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून सांकेतिक लिप्या केल्या: सकळ, सुंदरी, पारमांडल्य, अंक आणि आणखी कितीतरी. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर येतं. पान समोर धरलं तर देवनागरीच दिसते, अक्षर न् अक्षर उच्चारता येतं, अर्थ मात्र लागत नाही. किल्ली पंथातल्या माणसाजवळच. परिणाम असा की जुन्या मराठी गद्याचा सगळ्यात मोठा ठेवा कित्येक शतकं मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर असूनही अदृश्य राहिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाडे यांनी ती लिपी उकलली, आणि मग दारं उघडली. नागपुरात ह. ना. नेने यांनी पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांचं ‘लीळाचरित्र’ संपादित करायला घेतलं. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले वि. भि. कोलते यांची एकत्र आवृत्ती १९७८ मध्ये आली.

हेच पुन्हा एकदा घडलं, आणि या वेळी कोणाचा लपवायचा हेतूही नव्हता. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस मराठी मजकूर इंटरनेटवर यायला लागला. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालापासून जागा होती, पण घराघरांतल्या संगणकांवर ती पोचायला वेळ लागला. तोवर ज्याचा त्याचा फॉन्ट, ज्याची त्याची अक्षरांची अदलाबदल. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. पानावर सूचना: आधी आमचा फॉन्ट उतरवून घ्या. फॉन्ट असला तर स्वच्छ मराठी, नसला तर रोमन अक्षरं, स्वल्पविराम आणि कंसांची खिचडी. शोधयंत्राला तर कायम खिचडीच दिसे, त्याच्याकडे कुठला फॉन्ट. त्या वर्षांतल्या अग्रलेखांत ‘विदर्भ’ हा शब्द शेकडो वेळा आला असेल, पण ‘विदर्भ’ असं शोधून त्यातलं काही हाती लागणार नाही. सकळ लिपीच ती, फक्त किल्ली गुरूऐवजी फॉन्ट विकणाऱ्या कंपनीकडे. पानाच्या माथ्यावर ‘अक्षरसंकेत: यूटीएफ-आठ’ सांगणारा मेटा टॅग आज इतका सवयीचा झालाय की तो लिहिणाऱ्याचं तिकडे लक्षही नसतं. कोण्या महंतानं पहिल्या पानावर ‘हे सकळ लिपीत आहे’ एवढंच लिहून ठेवलं असतं, तर राजवाड्यांचं किती काम वाचलं असतं!

भाषेचा रकाना तर नागपूरकरानं कोणाकडून शिकायची गरजच नाही. मराठी आणि हिंदी एकाच चौकात, एकाच लिपीत, एकाच दुकानाच्या पाटीवर राहतात. ‘शिक्षा’ हा शब्द घ्या. मराठीत ती झाली की माणूस खाली मान घालतो, हिंदीत ती झाली की त्याचा सत्कार होतो. ‘चेष्टा’ मराठीत थट्टा, हिंदीत प्रयत्न. संगणकाला दोन्ही सारखेच दिसतात. पानाच्या सुरुवातीला भाषेची खूण असते, मराठीसाठी दोन रोमन अक्षरं, उच्चारायला ‘एम-आर’. गूगल ती खूण फारशी जुमानत नाही, मजकुरावरून स्वतःच ओळखतं. पण ज्याला डोळ्यांनी दिसत नाही अशा वाचकाला पान वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर ती खूण बघून आवाज निवडतो. खूण हिंदीची राहिली असेल तर ‘चांगलं’ मधला दातांजवळचा च तो ‘चंद्रा’तल्या चसारखा म्हणतो, ‘जाऊ’ मधला ज ‘जय’सारखा. मराठी पान हिंदी जिभेनं वाचलं जातं. ऐकणारा ते निमूट सोसतो, आणि पान लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

महानुभावांकडे थोडं आणखी रेंगाळायला हवं, कारण लिप्या गुप्त ठेवणाऱ्या याच मंडळींनी नोंदीची शिस्त अशी पाळली की आजच्या संग्रहपालानं हेवा करावा. परंपरा सांगते की म्हाइंभटांनी जमवलेलं मूळ ‘लीळाचरित्र’ धामधुमीत हरवलं आणि शिष्यांच्या आठवणींतून पुन्हा जुळवावं लागलं. आठवणी म्हणजे फरक आलेच. ते फरक त्यांनी घोटून एक केले नाहीत. ‘वासना’ असा शब्द घालून वेगळा पाठ तिथल्या तिथं नोंदवला, आणि ती वासना कोणाची तेही. कोणाचं म्हणणं कोणाचं, याची खूण मजकुराच्या अंगालाच बांधलेली. आणि चौदाव्या शतकातली ‘स्थानपोथी’ म्हणजे तर शुद्ध रकानेच. चक्रधरस्वामी कोणत्या गावी गेले, देऊळ गावाच्या कोणत्या दिशेला, दार कोणत्या बाजूला, ते कुठं बसले, कुठं निजले. गोष्ट जवळजवळ नाही. गाव, दिशा, जागा, खूण, मग पुढचं गाव. साहित्य म्हणून ती रूक्ष आहे हे खरंच, पण त्या रूक्षपणाच्या जोरावर भाविक आजही नेमक्या जागी जाऊन डोकं टेकवतात.

समासात खरं तेच लिहिलं जातं असं मात्र समजू नये. वेबच्या पहिल्या दशकात ‘कीवर्ड’ नावाचा एक मेटा टॅग होता. पान कशाबद्दल आहे ते सांगणारे शब्द तिथं लिहायचे. लोकांनी त्याची जी दशा केली ती सांगण्यासारखी नाही. पान साबणाचं, शब्द सिनेनट्यांचे. एकच शब्द पन्नास वेळा. शेवटी गूगलनं सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर सांगून टाकलं की आम्ही हा टॅग क्रमवारीसाठी बघतच नाही.

ही खोड वेबवाल्यांनी शोधलेली नाही. हस्तलिखितांच्या सूच्या चाळाव्यात; शंकराचार्यांच्या नावावर इतकी स्तोत्रं निघतात की ती सगळी रचायला आचार्यांना बत्तीस वर्षांचं आयुष्य कसं पुरलं असेल असा प्रश्न पडावा. कर्त्याच्या रकान्यात मोठं नाव टाकलं की पोथीची नक्कल होते, हे लेखनिकांना पक्कं ठाऊक होतं.

आणि दगडावरचं उदाहरण तर थेट अजब बंगल्यातलं. ‘नागपूर प्रशस्ती’ नावानं इतिहासाच्या पुस्तकांत ओळखला जाणारा शिलालेख विक्रम संवत ११६१ चा, म्हणजे इसवी सन ११०४-०५ चा. माळव्याच्या परमार घराण्याचा, नरवर्मा राजाच्या वेळचा. कीलहॉर्न यांनीच तो ‘एपिग्राफिया इंडिका’च्या दुसऱ्या खंडात संपादित केला. त्यात नरवर्म्याचा भाऊ लक्ष्मदेव याच्या दिग्विजयाचं वर्णन आहे. तो पूर्वेला गेला, दक्षिणेला गेला, गौड, चोळ, पांड्य, थेट सिंहलापर्यंत, चारी दिशांना फिरून आला. कालिदासाच्या रघूचा दिग्विजय ज्यानं वाचला आहे त्याला साचा लगेच ओळखू येतो. इतिहासकारांनी त्यातलं त्रिपुरीसारखं एखाददुसरं नाव खरं धरलं आणि बाकीचं कवीच्या खात्यावर टाकलं. पन्नास शब्दांच्या कीवर्ड टॅगचं गूगलनं जे केलं तेच.

त्या दगडाची खरी अडचण त्याच्या स्तुतीत नाही, त्याच्या नावात आहे. तो नागपूरच्या संग्रहालयात आहे म्हणून तो नागपूर प्रशस्ती. तो मुळात कुठं उभा होता याची भरवशाची नोंद नाही. मग वाद पेटला. दगड माळव्यातून कोणी आणला असेल, तर बाराव्या शतकाच्या सुरुवातीला परमारांची सत्ता विदर्भात होती असं त्यावरून म्हणता येत नाही. तो इथलाच असेल, तर म्हणता येतं. एका कोऱ्या रकान्यावर एका प्रदेशाचा शंभर वर्षांचा इतिहास टांगलेला.

हा रकाना भरायचा सर्वात कसोशीचा प्रयत्न केला तो वासुदेव विष्णु मिराशी यांनी. कोकणातले मिराशी १९१९ मध्ये नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवायला आले आणि १९८५ मध्ये इथंच वारले. कोरीव लेख समोर आला की त्यातल्या गावांची नावं काढायची, नकाशा उघडायचा, नदी कुठली, शेजारची गावं कुठली, नाव झिजून आज काय झालं असेल हे जुळवत बसायचं, ही त्यांची पद्धत. कलचुरी लेखांचा संग्रह १९५५, वाकाटकांचा १९६३, शिलाहारांचा १९७७. प्रत्येक लेखाआधी तो कुठं सापडला, कोणी आणला, आता कुठं आहे, आकार केवढा, ओळी किती, लिपी कोणती, भाषा कोणती, काळ कोणता. मजकूर त्यानंतर. नागपूर प्रशस्तीतल्या दानगावांची ओळखही त्यांनी विदर्भातल्या गावांशी पटवली. यवतमाळ जिल्ह्यातल्या डोंगरगावचा शके १०३४ चा शिलालेखही त्यांनी प्रसिद्ध केला. त्यात परमार वंशातलाच जगद्देव भेटतो, आणि तो लेख विदर्भातच सापडलेला असल्यामुळे त्याच्या जागेबद्दल शंका नाही. प्रशस्तीचा दगड इथलाच असण्याची बाजू त्यानं भक्कम झाली. पुरावा मात्र शेजारच्या दगडाचा. स्वतः प्रशस्तीच्या दगडावर आपण कुठले हे लिहिलेलं नाही.

समजा आज एखाद्या विद्यार्थ्यानं या दगडाचं वेबपान करायचं ठरवलं. छायाचित्र टाकेल, वाचन टाकेल, मराठी अर्थ देईल. मग पानाच्या न दिसणाऱ्या भागात स्कीमाचे रकाने भरायला बसेल. नाव: नागपूर प्रशस्ती. भाषा: संस्कृत. संपादक: कीलहॉर्न. ‘हा तोच’ दुव्यात विकिडेटाचा क्रमांक. मग दोन रकाने लागोपाठ येतात, आणि इंग्रजीत त्यांची नावं वेगवेगळी ठेवली आहेत. एक ‘आयटम लोकेशन’, वस्तू सध्या कुठं आहे. दुसरा ‘लोकेशन क्रिएटेड’, ती घडली कुठं. पहिल्यात तो बेधडक लिहील: मध्यवर्ती संग्रहालय, नागपूर. हवं तर अक्षांश-रेखांशही देईल, २१.१५ उत्तर, ७९.०९ पूर्वच्या आसपास. दुसऱ्या रकान्यापाशी बोट थांबेल. तिथंही ‘नागपूर’ लिहून टाकायचा मोह होईल, शीर्षकातच आहे की. यंत्र हरकत घेणार नाही, त्याला फक्त ठिकाणाचं नाव हवं असतं. मिराशींचं पुस्तक शेजारी उघडं असेल तर तो रकाना तसाच कोरा ठेवून खाली उतरेल. दिनांक: विक्रम संवत ११६१.